ब्रह्मा घाटाच्या नळाला हिरवं पाणी

काशीहून परत आलेल्या माणसाला आमच्या मिरजेत एकच प्रश्न विचारतात, ‘काय सोडलंस?’ कुणी वांगं सोडतं, कुणी सीताफळ. माझ्या एका मावशीनं कारलं सोडलं होतं, जे तिनं जन्मात कधी तोंडात घातलं नव्हतं. मी काहीच सोडलं नाही. देवाला म्हणून मी गेलेच नव्हते, कामाला गेले होते. पण ते काम काय, हे सांगायला लागलं की समोरचा माणूस चहाच्या कपात बघू लागतो.

मी वकिलीची पदवी घेतली, कोर्टात काही वर्षं एका ज्येष्ठ वकिलांच्या मागे फायली धरून उभी राहिले, आणि पुढे पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत लागले. सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नांत कायद्याची बाजू सांभाळायची, हे तिचं काम. वकील, पण काळा कोट क्वचित. आरोग्याचं काम, पण डॉक्टर नाही. ‘म्हणजे नक्की काय?’ असं लोक विचारत, आणि नव्वदीच्या त्या मधल्या वर्षांत माझ्याकडेही याला धड उत्तर नव्हतं. बनारसला संस्थेला एक माणूस हवा होता. तिथल्या एका मुलीनं अर्ज केला होता. ती कामाची आहे का, हे आठवडाभर तिच्याबरोबर राहून बघायचं, असा मला हुकूम होता.

ब्रह्मा घाट

होळी होऊन चार-पाच दिवस झाले होते. भिंतींवरचे रंग अजून ओले वाटत होते आणि रिक्षावाल्याचा एक कान जांभळा होता. बनारसच्या गल्ल्यांबद्दल इतक्यांनी लिहिलंय की मी लिहीत नाही. समोरून बैल आला तर जवळचं दार आपलं समजून आत शिरायचं, एवढं माहीत असलं की पुरे.

ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत शिरल्यावर एका खिडकीतून फोडणीचा वास आला आणि मागोमाग, ‘अगं, हिंग जळतंय!’ असं शुद्ध मराठीत ऐकू आलं. ते पुराणिकांचंच घर निघालं. नारायणशास्त्री पुराणिक, म्हणजे सगळ्यांचे नाना, यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून काशीत उपाध्येपण करतं. वऱ्हाडातून येणारे यात्रेकरू त्यांचे यजमान. ते उतरतात नानांच्या घरी, जेवतात काकूंच्या हातचं, आणि घाटावरचे विधी नाना करतात. वरच्या मजल्याच्या खोल्या त्यांच्यासाठीच राखलेल्या. मलाही त्यांतलीच एक मिळाली.

अर्ज करणारी वैदेही ही नानांची धाकटी मुलगी. तिथल्याच विद्यापीठातून लॉ झालेली, चुरुचुरु बोलणारी. शांत असली की मराठी बोलायची आणि चिडली की हिंदी, त्यामुळे तिचा पारा कळायला मला वेळ लागला नाही.

“ताई, मला खरं सांगा,” तिनं पहिल्याच संध्याकाळी विचारलं, “या कामात पुढे काही आहे की नुसतं पत्रक वाटायचं? मतलब, मी काय होईन?”

“ते मलाच अजून कळलेलं नाही,” मी म्हटलं. तिला ते आवडलं असावं, कारण ती मनापासून हसली.

काकूंचं जेवण साधं आणि उत्तम. आमटीतला गोडा मसाला अमरावतीचे यजमान आणून देतात, पण तीत गूळ नसतो. ‘इथल्या माणसांत राहून जीभ बिघडली आमची,’ असं काकू म्हणाल्या. पोळीच्या शेजारी होळीची उरलेली गुजिया होती. आमच्या करंजीची ही बहीण, फक्त खव्यानं जरा माजलेली. सकाळी वैदेहीनं कोपऱ्यावरून कचौडी आणि जिलबी आणली. सकाळी सातला जिलबी खाणाऱ्या गावाला पुण्याच्या पोह्यांबद्दल काय सांगायचं, म्हणून मी गप्प राहिले.

त्याच सकाळी नवे यजमान आले. नानांनी त्यांना चौकात बसवलं, घराण्याची विचारपूस केली, मग आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून दिली. हा त्यांचा रिवाज. काकू, थोरला मुलगा नोकरीला झाशीला, आणि मग हात वैदेहीकडे, “ही धाकटी. लॉ झालीय. चांगलं स्थळ असलं तर कळवा.” हे वाक्य ते पंचगंगा घाटाचं माहात्म्य सांगावं तशा एका सुरात म्हणत. मी त्या घरात असताना ते किती वेळा ऐकलं, सांगता येणार नाही. वैदेही त्या वेळी भिंतीकडे बघायची.

पाण्याचा त्यांचा रिवाज मात्र मला नवा होता. घरात नळ होता, पण भांडी-धुण्यापुरता. प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी वरच्या अंगाला असलेल्या देवळाच्या विहिरीवरून सोवळ्यानं यायचं, पितळी घागरींत. यजमानांनाही तेच. कारण विचारलं तर नाना म्हणाले, “नळाच्या पोटात चामड्याचा वायसर असतो, वकीलबाई. आमच्या आजोबांनी नळ आला तेव्हाच सांगून ठेवलंय.” आता वायसर रबराचे असतात, असं वैदेहीनं हळूच सांगितलं. नानांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

आणि गल्लीत कावीळ होती. कुठल्या घरात एक, कुठल्या घरात दोन. समोरच्या रामसूरत दूधवाल्याची सून, सगळे तिला मुन्नी भाभी म्हणत, पोटुशी होती आणि तिचे डोळे हळदीसारखे झाले होते. गर्भार बाईला ही कावीळ फार वाईट. ती इस्पितळात होती. पुराणिकांच्या घरात मात्र कुणाला काही नाही. नाना म्हणत, “सोवळं उगाच नसतं.”

वैदेहीनं पाणीपुरवठ्याच्या कचेरीविरुद्ध अर्जाचा मसुदा करून ठेवला होता. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम एकशे तेहेतीस. सार्वजनिक उपद्रव दूर करा असं दंडाधिकाऱ्याकडे कुणीही मागू शकतं, त्याला ना मोठा वकील लागतो ना मोठं भांडण. हत्यार बरोबर निवडलं होतं. भाषाही खणखणीत होती. पण घाण कुठून शिरते, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

“वह तो लॉज से आता है,” ती म्हणाली. हिंदीत, म्हणजे रागात. “कोपऱ्यावरचं ते लॉज. सगळी गल्ली जाणते.”

“गल्ली जाणते, पण साहेब विचारतील तेव्हा?”

रंग

त्या गल्लीत नळाची पाइप आणि सांडपाण्याची मोरी एकाच चरातून शेजारी शेजारी जातात. नळाला पाणी सकाळ-संध्याकाळच येतं. मधल्या वेळात पाइप रिकामी असते, आणि तिला कुठे भोक असेल तर शेजारच्या मोरीतलं ती शोषून घेते. पाणी सुटलं की पहिल्या बादलीत ते बाहेर पडतं. यात बनारसचं काही विशेष नाही, आमच्या मिरजेतही मी हेच पाहिलंय. कुणाची मोरी फुटलीय हे शोधायचं तर एकेका घराच्या संडासात रंग ओतायचा आणि नळाशी उभं राहायचं. इंजिनियर लोक त्यासाठी वेगळी पूड वापरतात. आम्हाला पूड शोधावी लागली नाही. होळीनंतरच्या आठवड्यात बनारसमध्ये पक्का रंग नाही असं घर सापडलं तर मी खरंच काहीतरी सोडेन.

लॉजच्या मालकानं आधी आढेवेढे घेतले आणि मग, “डालिए, डालिए, हमारा क्या जाता है,” म्हणून स्वतःच गुलाबी रंग ओतला. संध्याकाळी नळाला पाणी आलं ते नेहमीसारखंच गढूळ. गुलाबीचा मागमूस नाही. वैदेही फार खट्टू झाली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन घरं केली, तिथेही काही नाही.

“आता तुमचं,” मी म्हटलं.

ती हसली. “ताई, आमच्या घरात कुणाला काही झालंय का? आमचा तर सवालच नाही.”

“तुम्ही ते पाणी पीतच नाही. मग तुमच्या तब्येतीची साक्ष काय कामाची?”

तिच्या तोंडावरचं हसू जरा वेळ तसंच राहिलं. मग तिनं हिरव्या रंगाचा डबा घेतला आणि मागच्या अंगाला गेली. तिला ते केवळ माझ्या समाधानासाठी करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या नळावर नेहमीची गर्दी. रामसूरतची बादली पहिली होती. नळ आधी नुसता खोकला, मग धार लागली, आणि रामसूरत मागे सरला. “अरे गुरू, ई का! पानी त हरियर हौ!”

फार गडद नव्हतं, कोवळ्या पालवीसारखं. तरी स्पष्ट हिरवं. लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, “होली अबहीं ले चलत हौ का?” एका बाईनं ते पाणी फेकलं, दुसरी थोडं थांबून स्वच्छ धार आल्यावर भरून गेली. हिरवा रंग कुठल्या घरात ओतला होता, हे त्या गर्दीत फक्त दोघींना ठाऊक होतं. वैदेहीच्या हातात लोटा होता. तिनं तो हळूच मोरीत रिकामा केला आणि घरात गेली.

त्या दिवशी ती घरोघर फिरली. पहिलं पाणी सोडून द्या, बाकीचं उकळून प्या, असं तिनं प्रत्येक दारात बजावून सांगितलं. का, ते मात्र सांगितलं नाही.

शिंदे घाट

दुपारी तिनं नानांना सांगितलं. मी वरच्या खोलीत होते. आवाज चढलेला ऐकू आला नाही, त्यामुळे मला जास्तच काळजी वाटली.

दुसऱ्या सकाळी नानांनी मला शिंदे घाटाकडे बरोबर नेलं. तिकडे त्यांना एका यजमानांचं काम होतं. नदी उतरलेली, पायऱ्यांवर गाळाचे पापुद्रे, आणि पाण्यात एका बाजूला कललेलं ते शंकराचं देऊळ. दर यजमान विचारतो की हे पडणार कधी, आणि दर उपाध्या सांगतो की ते असंच असतं. विधी आटोपल्यावर नाना पायरीवर बसले.

“रंग काय, कुठूनही येतो,” ते म्हणाले.

“नाना, तो कुठून आला ते तुम्हाला कळलंय.”

त्यांनी पायरीवरच्या गाळाचा एक पापुद्रा नखानं उचकटला. “वकीलबाई, तुम्ही चार दिवसांत निघून जाल. यजमान काय वस्तू आहे, तुम्हाला ठाऊक नाही. माझ्या आजोबांनी ज्याच्या आजोबांचं केलं, तो आज माझ्याकडे येतो. तो देवासाठी येतो, पण माझ्या घरात उतरतो का? तर घर शुद्ध आहे म्हणून. आमच्याकडे शेत नाही, दुकान नाही. हे एवढंच आहे. आणि उद्या दारात नोटीस चिकटली की पुराणिकांच्या संडासानं गल्ली आजारी पडली, तर तो यजमान येईल?”

“गुपचूप दुरुस्त करून घ्या.”

“गल्ली खणावी लागेल. ते नळवाल्यांच्या परवानगीशिवाय नाही. काल मीच गेलो होतो कचेरीत. साहेब म्हणाले, तुमचं नाव, घराचा नंबर, तक्रार काय ती लिहून द्या. मी उठून आलो.”

मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांनी चूक केली नव्हती. जमिनीखाली फुटलेली मोरी कुणाला दिसते? आता मात्र ती दिसली होती.

रामनगर

वैदेहीला घरात बोलता येईना, म्हणून आम्ही रामनगरला गेलो. सामने घाटापर्यंत रिक्षा, पुढे नाव. पलीकडे किल्ला आणि बाजार. तिथली लस्सी मातीच्या कुल्हडात, वर रबडीचा जाड थर. ती पितात की खातात, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. लाकडी चमच्यानं सुरुवात केली आणि निम्मी ओढणीवर सांडली. दुकानदारानं सहानुभूतीनं आणखी एक कुल्हड पुढे केला आणि त्याचेही पैसे लावले.

परतीच्या नावेत आम्ही दोघीच होतो, आणि नावाडी.

“या कामात काय काय असतं, ते तरी सांगा,” ती म्हणाली.

मग मी सांगितलं. भेसळीच्या खटल्यात नमुना नीट सीलबंद केला नाही म्हणून सुटणारे व्यापारी. दगडखाणीत छाती भरून गेलेले मजूर, ज्यांच्या भरपाईच्या अर्जावर आजाराचं नावच चुकीचं असतं. इस्पितळात दाखल करून न घेतलेल्या बाया. आमच्या संस्थेतला एक मुलगा नुसते सरकारी नियमांचे मसुदे वाचतो, त्याला उन्हात जावंच लागत नाही. आणि एक बाई आहेत, त्या कायदा शिकल्यावर डॉक्टरांच्या वर्गाला कायदा शिकवतात, डॉक्टर त्यांना वचकून असतात. नाव कुठल्याच कामाला धड नाही, पण काम आहे, आणि ते वाढणार आहे.

“आणि तुम्ही माझ्याबद्दल काय लिहिणार?”

“तू काय करतेस, ते.”

“मी अर्ज फक्त कचेरीविरुद्ध केला तर? पाइप तर त्यांचीच फुटलीय. झूठ तर नाही.”

“खोटं नाही. अर्धं आहे. ते म्हणतील, आधी मोरी कुणाची ते सांगा. तू नाही सांगितलंस तर अर्ज पडेल, आणि सांगितलंस तर...”

“तर विरुद्ध पक्ष क्रमांक एक, नारायण पुराणिक.” ती पाण्यात हात घालून बसली होती. “मी बँकेची परीक्षा देऊन टाकते, ताई. नाना तेच म्हणतात.”

मी तिच्यावर जोर केला नाही. यात माझा भलेपणा नव्हता. दुसऱ्यानं ढकलल्याशिवाय जिला सही करता येत नाही, ती या कामात टिकत नाही, एवढंच मला माहीत होतं. पण खरं सांगायचं तर त्या नावेत मला वाटत होतं की हिनं बँकेत जावं आणि सुखी व्हावं.

आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा रामसूरतच्या दाराशी माणसं उभी होती. मुन्नी भाभी वाचली होती. पोट रिकामं झालं होतं. मुलगा होता, असं एक म्हातारी दुसरीला सांगत होती. वैदेही त्यांच्यात जाऊन उभी राहिली. कुणी तिला काही म्हटलं नाही, उलट रामसूरतच्या बायकोनं तिचा हात धरून सांगितलं की तू पाणी उकळायला सांगितलंस, आता सगळे उकळतात. त्या बाईचा हात सोडवून घेताना वैदेहीचा चेहरा मी पाहिला, आणि तो मला विसरायला आवडेल.

घरी येऊन तिनं जुना मसुदा फाडला आणि नवा लिहायला घेतला.

कचेरी

बनारसच्या कोर्टाच्या आवारात वकिलांपेक्षा माकडं जास्त शिस्तीत बसतात. एका कडुलिंबाच्या झाडाखाली टंकलेखकांची रांग होती. आमच्या वाट्याला आलेला म्हातारा तोंडात पान धरून, मान वर करून बोलायचा. वैदेही सांगत गेली, तो बडवत गेला. विरुद्ध पक्षाच्या नावाशी तो थांबला.

“बिटिया, ये तो तुम्हारे ही मकान का पता है.”

“जी. पिताजी हैं.”

मशीन थांबलं. त्यानं बाजूला जाऊन पान थुंकलं, परत आला, तिच्याकडे एकदा, माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, “कार्बन कितने लगाऊँ?”

अर्जात दोन मागण्या होत्या. घरमालकानं मोरी दुरुस्त करावी, आणि पाणीपुरवठ्याच्या कचेरीनं त्याच वेळी शेजारची पाइप बदलावी. रंगाचा प्रयोग कुणी, केव्हा, कुणासमोर केला, सगळं त्यात होतं. दंडाधिकारी तरुण होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. दुरुस्ती करा, नाहीतर हजर राहून हरकत सांगा, असा हुकूम काढला आणि तारीख दिली. मी पुण्याला फोन करून मुक्काम वाढवून घेतला. कारण विचारल्यावर ‘काम चालू आहे’ म्हटलं.

नोटीस पुराणिकांच्या दारावर चिकटली. घरात कुणी कुणाला ओरडलं नाही. नाना वैदेहीशी बोलेनासे झाले, एवढंच. ती पाणी द्यायला गेली तर लोटा जमिनीवर ठेवायला लावत. अकोल्याची एक मंडळी यायची होती, ती शेजारच्या घाटावरच्या दुसऱ्या उपाध्यांकडे उतरली. आपल्या गल्लीतून त्यांचं सामान जाताना नानांनी खिडकीतून पाहिलं. मी जेवायला बसले की मला माझ्याच घासाची लाज वाटे, पण काकू आग्रह करकरून वाढत होत्या.

रामसूरत काही दिवस आला नव्हता, त्याचा भाऊ दूध घालून जायचा. मग एका सकाळी तो स्वतः आला. नोटीस तोवर सगळ्या गल्लीनं वाचली होती. नाना दारातच उभे होते. रामसूरतनं नेहमीसारखं माप भरलं, नेहमीसारखं वर थोडं जास्त ओतलं, “पायलागी, पंडितजी,” म्हणाला आणि गेला. नाना ते पातेलं हातात घेऊन उभेच राहिले.

काकूंनी ते त्यांच्या हातून घेतलं. “घरात सोवळं आणि गल्लीत ओवळं, हे कुठल्या शास्त्रात आहे, ते एकदा सांगा मला,” त्या म्हणाल्या. नवऱ्याला उलटून बोलताना मी त्यांना तेव्हा एकदाच ऐकलं. नानांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

तारखेला मी आणि वैदेही बाकावर बसलो होतो. तिनं आपल्या बाजूचे मुद्दे पाठ केले होते, आणि ओठ हलत होते. नाना येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं, आले तर वकील घेऊन येतील असं वाटलं होतं. ते एकटेच आले, धूतवस्त्र आणि खांद्यावर उपरणं.

“आपको कोई आपत्ति है?” दंडाधिकाऱ्यांनी विचारलं.

“नहीं, सरकार. रंग मेरे ही घर का था.”

एवढंच. हुकूम कायम झाला. पाणीपुरवठ्याच्या वकिलांनाही मग फार बोलता आलं नाही. नाना आमच्याकडे न बघता निघून गेले. आम्ही रिक्षा केली, तर ते पायी आमच्याआधी घरी पोचलेले.

पुन्हा ब्रह्मा घाट

पुढच्या आठवड्यात गल्ली खणली. मोरीचा फुटका तुकडा बाहेर काढून दारातच टाकला होता, येणारा-जाणारा तो पायानं हलवून बघे. पाइप बदलली. वैदेहीनं पुन्हा रंग ओतला, या वेळी जांभळा, आणि सगळी गल्ली नळाशी जमली. पाणी आलं ते पाण्याच्या रंगाचं. रामसूरत म्हणाला, “अब ठीक हौ.” टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत, लोकांना कामं होती.

मी पुण्याला कळवलं, मुलगी कामाची आहे. ती हो म्हणेल का, हे मात्र मला माहीत नव्हतं. विचारलं तर ती म्हणायची, “नाना बोलू देत आधी.” नाना बोलत नव्हते.

मी निघायच्या दिवशी सकाळी यवतमाळकडची एक मंडळी उतरली. एक म्हातारे गृहस्थ, त्यांची बायको, दोन भाऊ. नोटिशीचा कागद दारावरून निघाला होता, पण गोंदाचा चौकोन दिसत होता. जेवायची वेळ झालेली. पानं मांडली होती, वैदेही मीठ वाढत होती, आणि नाना पाहुण्यांना रिवाजाप्रमाणे घराची ओळख करून देत होते. ही आमची मंडळी. थोरला झाशीला असतो. मग त्यांचा हात वैदेहीकडे गेला.

“ही धाकटी. वैदेही. लॉ झालीय.”

ते थांबले. पुढचं वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. काकू स्वयंपाकघराच्या दारात भाताचं पातेलं धरून उभ्या राहिल्या.

“लोकांच्या तब्येतीच्या बाजूनं वकिली करते,” नाना म्हणाले. “आमचीच मोरी फुटली होती, त्यानं गल्लीत कावीळ झाली. समोरच्याचं पोर गेलं. हिनं माझ्यावर अर्ज केला. अर्ज बरोबर होता. तुम्हाला आधी सांगितलेलं बरं, म्हणजे तुम्हाला दुसरीकडे उतरायचं असलं तर अजून वेळ आहे.”

कुणी उठलं नाही. म्हाताऱ्या गृहस्थांनी वैदेहीकडे पाहिलं. “आणि मुलीचं लग्न?”

“ते ती बघेल. तिला पुण्याच्या लोकांचं काम आहे इथं.”

वैदेहीनं मान वर केली नाही. ती वाकून मीठ वाढतच होती, आणि त्या गृहस्थांच्या पानावर तिनं ते दुसऱ्यांदा वाढलं. त्यांनी जास्तीचं मीठ बोटानं पानाच्या कडेला सारलं, आणि काकूंना म्हणाले, “वाढा वहिनी, भूक लागलीय.”